नामा मिस्त्रीचा डावा पाय

नामा मिस्त्री आपल्या जुन्या ट्रकच्या ड्रायव्हर सीटवर बसला की डावा पाय मुडपून मांडीखाली घ्यायचा. उजवा पाय खाली, डावा वर, जेवायला बसल्यासारखा. याच थाटात तो गाडी चालवायचा. अकोल्याच्या आमच्या गॅरेज लाइनीत या गोष्टीवर हसून हसून झालं होतं. कोणी म्हणायचं मूळव्याध आहे, कोणी म्हणायचं नवस आहे. मीही हसायचो. मी त्यांच्या घरचाच होतो, म्हणून जरा जास्तच.

आता माझी सत्तरी उलटली आहे. नामा मिस्त्रीचा विषय निघाला की लाइनीत अजून सांगतात, "त्या येड्यानं ट्रकाले बिनक्लचचा गिअरबॉक्स लावला होता, भर रस्त्यात जळला." जळला हे खरं. का जळला ते कोणी सांगत नाही, कारण ते फक्त दोघांना माहीत आहे.

आधी हा माणूस कसा होता ते सांगतो. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं आणि तक्रार सांगू लागलं की नामाभाऊ हात वर करायचा. "तुमी नका सांगू. तिले सांगू द्या." तिले म्हणजे गाडीला. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून लाकडी मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. एकदा अमरावतीचे एक डॉक्टर चिडले. "अहो, काय होतंय ते मला माहीत आहे, ऐकून तर घ्या!"

"डाक्टरसायेब," नामाभाऊ डोळे मिटूनच म्हणाला, "पेशंट बोलून राहिला. नातेवाइकानं बाहेर बसावं."

डॉक्टर बाहेर बसले. चहाही प्याले.

त्याचं लग्नही असंच जमलं. भातकुलीला मुलगी पाहायला गेला. पोहे समोर आले, मुलगी समोर आली, आणि मागच्या मळ्यात ऑइल इंजिन अडखळत चालल्याचा आवाज आला. हा ताट ठेवून उठला. परत आला तेव्हा कोपरापर्यंत काळा, पोहे थंड आणि मळ्यातलं पाणी जोरात. सुलोचनावहिनी जन्मभर सांगत होत्या, "मले पाहाले आले आनं इंजिन पाहून गेले." यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "नोझल खराब होतं. तू बरी होती."

गुणवंत त्याचा धाकटा भाऊ. ट्रक दोघांचा होता, पण चालवायचा गुणाच, आणि लांबच्या फेरीला त्याच्यासोबत पाळीपाळीने मी. गुणाच्या हातात स्टिअरिंग असलं की मला शेजारी झोप लागायची. ड्रायव्हरची याहून मोठी तारीफ मला येत नाही. एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी भरताना वरची गाठ घसरली आणि गुणाच्या डाव्या पायावर पडली. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

तेव्हापासून गुणा गॅरेजसमोर खाटेवर बसायचा, कुबडी शेजारी आणि पाठ रस्त्याकडे. ट्रक गेला की आवाजावरून कोणता ते त्याला कळायचं, पण वळून पाहायचा नाही. मी दुसऱ्या मालकाची गाडी धरली. अकोल्यात असलो की संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसायचो. बाकीचे सोबती हळूहळू यायचे थांबले.

अशात नामाभाऊने नागपूरच्या भंगारातून एका विदेशी ट्रकचा गिअरबॉक्स उचलून आणला. क्लच नाही, गिअर आपोआप बदलणारा. तो आमच्या म्हाताऱ्या डिझेल इंजिनाला जोडायचा त्याने ध्यास घेतला. दोन्हींची तोंडं जुळेनात, म्हणून मधली जाड चकती लेथवर स्वतः कातली. पहिल्या दिवशी ट्रक फक्त मागे जायचा. पुढचा एकही गिअर पडेना. नामाभाऊ डावा पाय मांडीखाली घेऊन गॅरेजमागच्या मैदानात उलट्या चकरा मारत होता आणि पोरंबाळं, म्हातारे सगळे पाहायला जमले होते. लाइनीने त्याचं नाव 'रिव्हर्स मिस्त्री' ठेवलं.

मग पुढे जाऊ लागला, तर टॉप पडेना. इंजिन बोंबलायचं आणि गाडी बैलासारखी चालायची. पाय किती जोरात दाबला हे गिअरबॉक्सच्या या डब्याला अॅक्सिलरेटरच्या तारेवरून समजतं. नामाभाऊने स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकलं आणि म्हणाला, "तार ताणून हाय. याले वाटते मी सारखा दाबूनच राहिलो." मूळची तार जोडणीत आखूड पडत होती. त्याने सायकलच्या ब्रेकची तार लावली, आणि गाडी लोण्यासारखी टॉपमध्ये गेली.

त्या संध्याकाळी त्याने चावी गुणाच्या खाटेवर ठेवली.

"हे काय?"

"चालव. डाव्या पायाचं कामच नाई ठेवलं म्या. इतके दिवस तो पाय मुडपूनच चालवून पाह्यली."

त्या मुडपलेल्या पायाचा अर्थ तेव्हा आम्हाला लागला. गुणाने चावी उचलून मुठीत धरली. मग मला म्हणाला, "शाम्या, तू सोबत येशीन तं जातो."

सरकीची पोती भरली. अमरावतीला जायचं होतं. ट्रकवाल्याची एक रीत असते: सकाळी लिंबू चाकाखाली ठेवायच्या आधी, गाडी बंद असताना, इंजिन थंड असताना तेल पाहायचं. जन्मभर मी तेच केलं होतं. इंजिनाचं तेल बरोबर होतं. मग या नव्या डब्याचाही गेज, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून पाहिला. तेल खुणेच्या कितीतरी वर. मला वाटलं, नामाभाऊने हौसेने जास्त ओतलं, आता सील फुटतील. तो आत आंघोळीला गेला होता. विचारायला थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण इतकी वर्षं गाड्या चालवलेल्या माणसाने तेलाचं काय विचारायचं? खालचा बोल्ट ढिला करून गेज खुणेवर येईपर्यंत तेल काढलं आणि नालीत सोडलं.

या डब्याचं तेल इंजिन चालू ठेवून, गरम झाल्यावर पाहायचं असतं. गाडी बंद असली की आतलं सगळं तेल खाली उतरतं आणि गेज खोटाच भरलेला दिसतो. मी जे जास्तीचं म्हणून काढलं, तेच गाडी ओढणारं तेल होतं.

गुणाने गाडी सुरेख काढली. बोरगावपर्यंत तो गात होता. अपघातानंतर त्याचा गळा मी पहिल्यांदा ऐकला. कुरणखेडच्या पुढे इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मागे राहायला लागली. जळका वास आला. मग ट्रक जागेवर थांबला, इंजिन चालू आणि चाकं मेल्यासारखी. मागे हॉर्नची रांग लागली. "उतर ना बे, येत नाई तं काहून चालवतं!" मागचा एक ड्रायव्हर ओरडला. गुणा कुबडी घेऊन उतरला. त्याचा पाय पाहून तो ड्रायव्हर गप्प झाला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

गाडी ओढून आणली. नामाभाऊने डबा खोलला, आतल्या प्लेटा कोळसा झाल्या होत्या. उरलेलं तेल त्याने मापात धरलं, मापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सकाळी गेज पाह्यला होता का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. पुन्हा कधी विचारलं नाही.

प्लेटा मिळायला वर्ष गेलं. गाडी तयार झाली. नामाभाऊ दर रविवारी डावा पाय मांडीखाली घेऊन खाटेसमोरून चकरा मारायचा. "पाह्य, कशी चालून राहिली!" गुणा म्हणायचा, "पाहू दादा, पुढच्या रविवारी." पुढचा रविवार कधी आला नाही. लाइन हसत राहिली, आणि त्या हसण्यात मीही राहिलो.

कितीतरी वर्षांनी गुणा आजारी पडला, तेव्हा मी उशाशी बसलो होतो. तो सहज म्हणाला, "दादानं मले तवाच सांगतलं होतं. तेल त्याच्याच हातानं कमी पडलं म्हने."

तेल मी काढलं हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, तरी नामाभाऊने ते मापातच ओळखून दोष स्वतःवर घेतला होता.

"अन् एक सांगू का," गुणा म्हणाला, "तू रोज येतं म्हनून संध्याकाळ होते लेका माही."

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. गेल्या उन्हाळ्यात गुणा गेला. वहिनी त्याच्या आधीच गेल्या होत्या.

दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी मी गॅरेजवर गेलो. खाट आत उभी करून ठेवली होती. ट्रक चालू होता आणि नामाभाऊ वर बसला होता, पाय मांडीखाली.

"नामाभाऊ, त्या दिवशी ते तेल..."

त्याने हात वर केला. "तू नको सांगू. तिले सांगू दे. गेज काढ."

इंजिन चालू होतं, डबा गरम होता. मी गेज काढला, पुसला, पुन्हा घालून काढला.

"किती हाय?"

"खुणेवर," मी म्हणालो. गेज परत आत घातला.

"मंग बस."

आम्ही अमरावती रोडला लागलो. बोरगाव गेलं. कुरणखेडच्या पुढे ती जागा आली. मी खिडकीची कड धरली. गाडीने आवाजही बदलला नाही, टॉपमध्येच निघून गेली.

थोडं पुढे गेल्यावर नामाभाऊने एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने डावा पाय उचलून हळूच खाली ठेवला. गुडघा चोळला.

"मुंग्या आल्या," तो म्हणाला. "आता कोनाले दाखवाचं हाय."