साळवीकाकांचा लाल टॅग

माझ्या टूथपेस्टला साळवीकाकांनी लाल टॅग बांधला, त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

लाल टॅग म्हणजे काय, ते आधी सांगतो. आम्ही सौदीत जुबैलला एका प्लांटवर कामाला आहोत. मी पाइप फिटर, आणि कॅम्पमधले माझे खोलीसोबती साळवीकाका इन्स्पेक्टर. साइटवर येणाऱ्या प्रत्येक पाइपवर एक नंबर ठोकलेला असतो. तो कागदावरच्या नंबराशी जुळला तर हिरवा टॅग, नाही जुळला तर लाल. लाल टॅगच्या मालाला हात लावायची कुणाची छाती नाही. साइटवर ठीक आहे हो! पण हा गुहागरचा गृहस्थ खोलीवर येऊन साबण, चहापत्ती, बाम, सगळ्याला भिंग लावतो. तोंडी एकच वाक्य, "कागद आणि माल एक बोलले पाहिजेत." शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, माणसाने झोपावं की दुसऱ्याच्या टूथपेस्टची तारीख वाचत बसावं?

सिगारेट सुटावी म्हणून मी व्हेप, म्हणजे ती वाफ ओढायची बॅटरीवरची सिगारेट, सुरू केला होता. आमच्या कंपनी बसचा ड्रायव्हर गुपचूप आणून द्यायचा. डबीवर पिवळाधमक आंबा. ओढल्यावर डोकं जड व्हायचं, पण मला वाटायचं उन्हामुळे. रजेवर जायला आठ दिवस होते, म्हणून वाटेसाठी दुसरी डबीही घेऊन ठेवली, स्ट्रॉबेरीची.

शुक्रवारी जेवणं झाली आणि काकांनी हात पुढे केला. "आण बघू तो तुझा आंबा."

त्यांनी व्हेप उलटा केला आणि उजेडात धरला. "बुडबुडा बघ, पाटील. आतलं पाणी पातळ असतं, बुडबुडा टुणकन वर यायला हवा. हा बसलाय मेला फणसाच्या चिकात अडकल्यासारखा." मग दोन्ही डब्या शेजारी शेजारी ठेवल्या. "एक आंबा, एक स्ट्रॉबेरी, आणि बॅच नंबर एकच! बनवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. डबीवरचा कोड मोबाइलवर धरला तर काही उघडत नाही. अरे, हे गांजाचं तेल असणार. सेफ्टीच्या बैठकीत दाखवलं होतं ते असंच दाट होतं. आणि तेही धड नाही, कशात तरी कालवलेलं. गांजासुद्धा नकली विकतात, लाज नाही मेल्यांना!"

"तुम्ही गांजा पाहिलाय कधी?" मी तडकलो.

"गांजा नाही पाहिला. खोटा माल पाहिलाय. हे खिशात घालून तू एअरपोर्टवर जाणार होतास? या देशात?"

एवढं बोलून त्यांनी दोन्हींना लाल टॅग बांधले. तेवढ्यावर भागलं नाही. कॉटखालून साइटवरच्या उरलेल्या ग्राउटचा, म्हणजे झटपट घट्ट होणाऱ्या सिमेंटचा डबा काढला, त्यात पाणी ओतून कालवलं आणि माझे दोन्ही व्हेप टॅगसकट त्यात बुडवले. तासाभरात दगड. "खलास," म्हणाले आणि हात धुवायला गेले. वस्तू माझी, ओढणारा मी, आणि मला विचारायचंसुद्धा नाही?

मंगळवारी कॅम्पच्या गेटवर पोलिसांनी बस थांबवली. ड्रायव्हरच्या सीटखाली आंब्याच्या डब्या निघाल्या. त्याला घेऊन गेले. मग आमचे खिसे तपासले. माझ्या खिशात फक्त कंगवा होता. राग आला तो त्या ड्रायव्हरचा, माझ्या स्वतःच्या अकलेचा, आणि सगळ्यात जास्त याचा, की म्हातारा बरोबर निघाला.

खोलीवर येऊन मी तसं सांगितलं. काकांना ना आनंद ना तोरा. त्यांनी ट्रंक उघडली आणि तळातून दम्याचा एक निळा पंप काढला. त्यालाही लाल टॅग. अक्षर काकांचंच. कारण: न तपासता पाठवला. जबाबदार: साळवी.

"बायकोला दमा होता," ते म्हणाले. "एक जण रजेवर निघाला होता, त्याच्या हाती घाईघाईत पाठवला. दिवसभर पाइपांचे नंबर वाचले रे मी. हा तेवढा वाचला नाही. आत औषधच नव्हतं. गेली ती."

त्यांनी पंप पुन्हा ट्रंकेच्या तळाशी ठेवला. ते इतकी वर्षं रजेवर का जात नाहीत, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मी माझी भरलेली बॅग त्यांच्या कॉटवर उलटी केली. "काका, तपासा."

त्यांनी चष्मा पुसला आणि भिंग घेतलं. एकेक वस्तू बघितली. आईसाठी घेतलेला गुडघ्यांचा बाम त्यांनी तीनदा फिरवून वाचला, त्याला हिरवा टॅग बांधला आणि खाली सही केली.

घरी आईने बामची बाटली हातात घेतली. "ही कसली रे चिठ्ठी? काढून टाकू?"

"हात लावू नकोस त्याला!" मी असा ओरडलो की ती बिचारी दचकलीच.