कोबीच्या मागे दाजी

दाजी कचेरीत कारकून होते आणि सुईला इतके घाबरत, की बायको उशीला टाके घालायला बसली तरी ते दुसऱ्या खोलीत जात. त्यामुळे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "पुढच्या तपासणीपर्यंत साखर उतरली नाही तर रोज इन्शुलिन," तेव्हा दाजी खुर्चीसकट मागे सरकले. पाव-बिस्किटं बंद, भाज्या सुरू, असा हुकूम झाला. शहरातले भाज्यांचे भाव ऐकून ते भाजीवाल्यापासूनही मागे सरकले आणि सरळ मेहुण्याच्या शेतावर राहायला गेले.

शेतात नजर जाईल तिकडे कोबी होता. दाजींचा जीव भांड्यात पडला. जेवायला बसले तर ताटात नूडल्स आल्या, सोबत बिस्किटं.

"भाजी?" दाजींनी क्षीण आवाजात विचारलं.

"इथल्या दुकानात हेच मिळतं, दाजी," मेहुणा म्हणाला.

"अरे, दारात एवढा कोबी उभा आहे की."

"तो आपला कुठाय? उभं पीक व्यापाऱ्याला विकलंय. एक गड्डा तोडला तरी बोंब मारतो."

दाजी हबकले. सकाळी नाश्त्याला पाव आला तेव्हा तर त्यांच्या डोळ्यांपुढे सुई नाचू लागली. बाहेर व्यापाऱ्याचा टेम्पो कोबी भरून निघत होता. खांद्यावर टॉवेल, अंगात बनियन, अशा अवतारात दाजी मागे धावले.

"एक गड्डा विकत द्या हो."

"सुटा माल इथं नाही काका, मंडईत," ड्रायव्हर म्हणाला. "बसायचं तर बसा."

दाजी बसले. इलाजच नव्हता.

टेम्पो थांबला, दाजी उतरले आणि भोवळ येता येता राहिली. ती त्यांच्याच घराजवळची मंडई होती आणि समोर त्यांची बायको भाजीवाल्याशी घासाघीस करत होती. तिने टॉवेल पाहिला, बनियन पाहिलं.

"माझ्या माहेरी भांडून आलात ना?"

"कोबी घ्यायला आलो," दाजी म्हणाले. हे अगदी खरं होतं आणि कुणालाही पटण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. मेहुणा होता. तिने तो दाजींच्या हातात कोंबला.

"दाजी, ड्रायव्हरनं सांगितलं मला. परत येताय ना?"

"का रे?"

"येताना दोन गड्डे आणा. ताईला सांगू नका, पण साखर माझीही वाढलीय. आमचा डॉक्टर पण सुईवरच आलाय."

दाजींनी फोन बायकोला परत दिला. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून भाजीवाल्यापुढे पसरला.

"मोठे बघून घाला," ते म्हणाले. "शेतावर न्यायचेत."