तोंड न उघडता

"तू फक्त बसायचं. तोंड उघडायचं नाही," रेडिओने लिफ्टमध्ये तिसऱ्यांदा बजावलं.

मौनीबाबाने मान डोलावली. खरं तर त्याला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. कंपनीत माणसं अकरा. त्यांतला विक्री सांभाळणारा रेडिओ एकदा सुरू झाला की वीज गेली तरी बंद पडत नसे, आणि इंजिनिअर मौनीबाबा शेजारच्या टेबलावरून विचारलेल्या प्रश्नालाही उत्तर देत नसे.

कंपनीचं सॉफ्टवेअर दोनशे संगणकांना एका दावणीला बांधून त्यांच्याकडून एकच मोठं काम करून घ्यायचं. बारा वर्षं ते छान खपलं. मग जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून तसंच सॉफ्टवेअर लिहिलं आणि चक्क फुकट वाटायला काढलं. एकेक गिऱ्हाईक "कळवतो" म्हणून जे गेलं ते गेलंच. मोठं असं एकच उरलं, पवनचक्क्यांची पाती बनवणारा हा कारखाना. तोही गेला की अकरा जणांनी आपापले डबे उचलून घरी बसायचं.

कारखान्याच्या संगणक विभागाच्या बाई पाल्हाळ न लावणाऱ्या होत्या. "फुकट मिळत असताना तुमचं का घ्यायचं?"

"घ्या ना फुकटचं!" रेडिओ लागला. "पण अडलं की धावणार कोण? फोन करायला नंबर नाही, भांडायला माणूस नाही!"

"इंटरनेटवर त्यांचा फोरम आहे. प्रश्न टाकला की कोणीतरी उत्तर देतं म्हणे."

"टाका की आत्ता! आठवडाभरात उत्तर आलं तर ही मिशी उतरवीन."

बाईंनी ते सॉफ्टवेअर पाच संगणकांवर चालवून पाहिलं होतं. काम अर्ध्यावर लटकत होतं, तेच त्यांनी लिहिलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. दोन मिनिटांत 'वाटसरू' नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं. बाईंनी तसं करून पाहिलं, आणि लटकलेलं काम सुरळीत चालू लागलं.

रेडिओने मिशीवरून हात फिरवला. "सोपा होता हो. आंधळ्याचा नेम लागला. अवघड विचारा!"

अवघड विचारला. चार मिनिटं. वाटसरूने उत्तराखाली आकृतीसुद्धा काढली होती.

आता रेडिओ इरेला पेटला. त्याने बॅगेतून तक्रारींची जुनी वही काढली आणि कंपनीत आजवर न सुटलेली एक तक्रार स्वतः टाइप केली. दोनशे संगणकांतला एक बंद पडला की बाकीचे एकशे नव्याण्णव त्याची वाट पाहत का बसतात?

"ही आमचीच तक्रार ना?" बाईंनी भुवया उंचावल्या. "दोन वर्षं झाली तुमच्याकडे पाठवून."

"ती... फॉर्म भरून वर गेली होती. वरून मंजुरी यायची आहे," रेडिओ पुटपुटला. त्याला पहिल्यांदाच स्वतःचा आवाज ऐकवेना.

सहाव्या मिनिटाला उत्तर आलं. नेमकं कारण, त्यावरचा उपाय, आणि सर्वांत खाली एक ओळ, 'खिडकीजवळचा एसी जरा कमी करा, बोटं गारठलीत.'

खोलीतल्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. तिथे मांडीवर लॅपटॉप घेऊन मौनीबाबा बसला होता. त्याने तोंड अजिबात उघडलेलं नव्हतं.

"अरे घरभेद्या!" रेडिओ ओरडला. "तू आहेस होय वाटसरू?"

मौनीबाबाने खाली बघत टाइप केलं. पडद्यावर उमटलं, 'प्रश्न दिसला की राहवत नाही.'

'मग आमची तक्रार दोन वर्षं का पडून होती?' बाईंनीही टाइप करूनच विचारलं.

'माझ्यापर्यंत आलीच नाही. फोरमवर टाकायची.'

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्या गंभीर झाल्या. "ठरलं. सॉफ्टवेअर फुकटचंच घेणार."

रेडिओला डोळ्यांपुढे अकरा डबे दिसले. त्याला खरोखर रडू येत होतं.

"पण करार करणार तुमच्याशीच," बाई म्हणाल्या. "अडलं की हा माणूस लागेल. आणि मला भांडायला तुम्ही लागाल. त्याच्याशी काय भांडणार, तो बोलतच नाही."

तीन महिन्यांत "कळवतो" म्हणून गेलेली चार गिऱ्हाइकं परत आली. कंपनी आता तेच फुकटचं सॉफ्टवेअर बसवून देते, सांभाळते, आणि अकराच्या अकरा डबे दुपारी एकत्र उघडतात. रेडिओ बिनमिशीचा फिरतो, आणि बायकोच्या मते तरुण दिसतो.

परवा त्याने शेजारच्या टेबलाकडे वळून विचारलं, "चहा घेणार का रे?"

उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाहीच.

रेडिओने सुस्कारा टाकला, फोरम उघडला आणि प्रश्न टाकला.

वीस सेकंदांत उत्तर आलं, 'हो. साखर कमी.'