टेंपरवारी माणूस

आमच्या मोरीचा नळ सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेला आहे. ती पट्टी शेजारच्या किसनभाऊंनी बांधली आणि बांधताना म्हणाले, "ताई, आत्ता टेंपरवारी करून दिलंय. मागनं येऊन पक्कं करतो." त्यानंतर घराचा रंग दोनदा बदलला, मी नोकरीतून निवृत्त झाले, आमच्या ह्यांना कवळी बसली. नळ तसाच आहे आणि एक थेंब गळत नाही. त्यामुळे मला भांडायलाही जागा राहिलेली नाही.

मला अर्धवट कामाची मनस्वी चीड आहे. शाळेच्या ऑफिसात सगळी नोकरी झाली, कपाटाचं दार नीट लागलं नाही तरी मला चैन पडत नाही. आणि लोणावळ्याजवळ वलवणात घर घेतलं, तर शेजार मिळाला किसनभाऊंचा! फाटकाला सुतळी, चष्म्याच्या काडीला तार, पत्र्यावर दगड. भिंतीत खिळा मारायचा तोही अर्धाच. का, तर "काढाया बरा पडतो." एकदा मी चिडून विचारलं, "भाऊ, एखादं काम कायमचं करून टाकलं तर काय बिघडेल?"

"बिगडत न्हाई वो," भाऊ शांतपणे म्हणाले, "पर कशाला? टेंपरवारी चांगलं चाललंय की."

इंग्रजीतला हा एवढासा शब्द भाऊंनी असा काही वापरला आहे की इंग्रजांनाही तो इतका पुरला नसता. मराठीत 'तात्पुरतं' असा चांगला शब्द आहे, पण तो त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. दाढ दुखली तर टेंपरवारी दुखते. सरपंच आला तर टेंपरवारी आला. कसं काय चाललंय विचारलं तर "टेंपरवारी बरं हाय." त्यात पायऱ्याही आहेत. सुतळीनं बांधलं ते नुसतं टेंपरवारी, तारेनं बांधलं ते "टेंपरवारीतलं पक्कं." आता तुम्हाला वाटेल की पुढे भाऊ म्हणणार, माणसाचा जन्मच टेंपरवारी. तसलं कीर्तन त्यांनी कधी केलं नाही. गावात कुणी गेलं की ते एवढंच म्हणत, "त्येचं पक्कं झालं," आणि खांदा द्यायला जात.

पक्क्याची ही धास्ती त्यांनी कुठून घेतली, ते एकदा चहा पिताना कळलं. तरुणपणी ते तळेगावच्या बाजूला एका कंपनीत लागले होते, अर्थात टेंपरवारी. बरोबरीची पोरं एकेक करून परमनंट झाली, त्यांनी पेढे वाटले, कर्ज काढून घरं बांधली. मग कंपनीलाच टाळं लागलं. "परमनंट समदी रडत बसली," भाऊ म्हणाले. "मला काय, मी सकाळी दुसरीकडं कामाला." पुढे लोणावळ्यात आले. आमच्या समोरच्या बंगल्याच्या मालकानं सांगितलं, चांगला वॉचमन मिळेपर्यंत जरा बसा. भाऊ बसले. केस पांढरे झाले, तरी मालकाला चांगला वॉचमन काही मिळालेला नाही.

भाऊंच्या बायकोचं नाव सरू. सरूमावशी बोलायला फटकळ, हाताला गोड. भाऊंच्या सुतळ्यांवरून त्या दिवसभर करवादायच्या आणि त्याच सुतळीवर धुणं वाळत घालायच्या. दोनेक वर्षांपूर्वी त्या चुलीवर दूध ठेवून विसरू लागल्या. मग माझं नाव विसरल्या. परंदवडीला दिलेली मुलगी मंगल त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. भाऊ सगळ्यांना सांगत सुटले, "टेंपरवारी इसर पडलाय."

मग यंदाच्या श्रावणात मावशी भाऊंनाच विसरल्या.

सकाळी त्यांना ओळखत, संध्याकाळी नाही. भाऊ ड्यूटी संपवून नेहमीसारखे घरात शिरले, तर मावशींनी उलथनं उगारलं. "कोन रं तू? बाईमानसाच्या घरात शिरतूस? आमचं मालक आलं तर तंगडं मोडतील." भाऊंनी लग्नातला फोटो आणून दाखवला. मावशींनी फोटो बघितला, भाऊंकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आमचं मालक तरनं हायती. तू म्हातारा." त्यांनी भाऊंना बाहेर काढून आतून कडी घातली. धुकं आणि झड, त्यात भाऊ रात्रभर पायरीवर बसून राहिले. आम्हाला हाक मारली नाही. सकाळी मंगल आली, तर अंगात ताप आणि खोकल्यानं जीव हैराण.

मंगल रडली, मग कडक झाली. "आबा, आनखी एकदा आईनं असं केलं, तर तिला मी परंदवडीला नेनार. कायमची."

"तसं म्हनू नगंस," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. "हितं तिला चूल ठावी हाय, न्हानी ठावी हाय. तितं गेली तर हाय तेवढं बी इसरंल."

मंगलनं मला बाजूला घेतलं. "ताई, तुमी लक्ष ठेवा. पुन्हा कडी लावली की फोन करा, मी गाडी घेऊन येते." मी कबूल केलं. मनातून मला मंगलचं पटतच होतं. काय तो एकदा सोक्षमोक्ष लागलेला बरा.

चार-आठ दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी पुन्हा तोच आरडाओरडा. मी फोन घेऊन बाहेर आले. भाऊ पावसात फाटकापाशी उभे, दाराला आतून कडी. मी मंगलचा नंबर काढते आहे हे त्यांनी बघितलं आणि हात जोडले.

"ताई, टेंपरवारी थांबा."

मी थांबले. भाऊंनी चपला पायरीखाली काढल्या, टोपी नीट केली आणि स्वतःच्या घराची कडी परक्यासारखी हळूच वाजवली.

"वैनी, हायसा का घरात?"

ज्या बाईबरोबर सगळा संसार केला तिला ते वैनी म्हणत होते.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"मी किसन. तुमच्या मालकानं धाडलंय. त्यास्नी कामावं उशीर हाय. म्हनले, घरात बाईमानूस एकलं हाय, मी येईस्तोवर तू जाऊन बस. पानी भरायचं, लाकडं फोडायची, काय बी सांगा."

आतून पावलं दाराशी आली.

"किती दिस ऱ्हानार?"

"टेंपरवारी हाय, वैनी. मालक आलं की मी चाललो."

कडी निघाली. मावशींनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "भिजलायस की रं. ये. पर वसरीला निजायचं, आत यायचं न्हाई."

"व्हय वैनी," भाऊ म्हणाले आणि मान खाली घालून आपल्या घरात गेले.

मी फोन पदराखाली घेतला. मंगलला मी तो केला नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी भाऊ कडी वाजवतात आणि रोज नव्यानं नोकरीला लागतात. मावशी त्यांना भाकरी वाढतात. जेवताना भाऊ विचारतात, "तुमचं मालक कसं हायती वो?" मग मावशी सांगत बसतात. मालकांना काळी मैना, म्हणजे करवंदं, लय आवडायची. मालकांनी तिकोना पेठेच्या जत्रंत बांगड्या घेतल्या, त्या घालताना दोन फोडल्या. भाऊ ऐकत राहतात. हे सगळं मावशींनी त्यांना इतक्या वर्षांत कधी बोलून दाखवलं नसेल.

परवा ऊन पडलं होतं, म्हणून मी मावशींपाशी ओसरीवर जाऊन बसले. भाऊ अंगणात धुण्याची तुटलेली दोरी जोडत होते. मावशींचा दिवस धड नव्हता, दुपारपासूनच त्यांना काही ओळखीचं दिसत नव्हतं. त्या माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "हा बाबा लय गुनाचा हाय. आमचं मालक आलं ना, की त्यास्नी सांगनार हाय. म्हननार, ह्याला आता काढू नगा. परमनंट करा."

हळूच म्हणाल्या, पण अंगण ते केवढं. भाऊंनी ऐकलं. त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील, निदान त्यांचा तो शब्द तरी. पण त्यांनी तोंड फिरवलं, उपरण्यानं डोळे पुसले आणि दोरीला गाठ मारू लागले. एक मारली, तिच्यावर दुसरी मारली, आणि पुन्हा सुटायची नाही अशी ओढून घट्ट केली.