पदर पाहून निवडलेली क्लिप

मुरुडच्या आपल्या कापड दुकानात बसून वीरभद्रअप्पा लेकीला कानडी शिकवायच्या क्लिपा निवडत होते. स्वतः अप्पांना कानडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण म्हणून काही अडत नाही, असा त्यांचा स्वभाव. लेक मंजुषा हिचं उदगीरच्या रुद्रेशशी जवळजवळ जुळलं होतं. मंजुषाला तो मनापासून आवडला होता. घोडं अडलं होतं त्याच्या आजीपाशी. शिवम्मा आजींचं म्हणणं एकच, नातसून माझ्याशी दोन वाक्यं तरी कानडीत बोलली पाहिजे, नाहीतर लग्न नाही. आणि त्या घरात आजींचा शब्द शेवटचा.

गिऱ्हाइकापुढं मोबाईलचा आवाज नको, म्हणून अप्पांनी सगळ्या क्लिपा आवाज बंद करूनच पाहिल्या. उघड्या डोक्याची पोरगी दिसली की क्लिप रद्द. एक मात्र फार पसंत पडली. त्यात डोक्यावर पदर घेतलेली सून म्हातारीपुढं हात जोडून, वाकून काहीतरी बोलत होती.

"हेच पाठ कर," संध्याकाळी त्यांनी फर्मावलं.

"पण अप्पा, ह्याचा अर्थ काय? रुद्रेशला विचारू का?"

"येडी हायस का? मग आजीला कवतिक काय राहील? अन् अर्थ काय करायचाय, हात बघ की तिचे. आशीर्वादच मागायली ती."

मंजुषानं चार दिवसांत अख्खी क्लिप पाठ केली, सुनेचंही आणि म्हातारीचंही. रविवारी मध्यस्थ मलप्पाला घेऊन बापलेक उदगीरला पोचले. शिवम्मा आजी गादीवर बसल्या होत्या, कपाळभर विभूती लावून, हसायचं नाही असं ठरवल्यासारख्या. मंजुषानं पदर सावरला, वाकली, हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाली, "अज्जी, साकु. मूल्याग कुंदर्री."

रुद्रेशच्या हातातली बशी कलंडली आणि पोहे सतरंजीवर सांडले.

"काय म्हणली ती?" अप्पांनी हळूच विचारलं.

मलप्पानं कपाळाला हात लावला. "म्हणली, आजी, बास झालं. आता कोपऱ्यात बसा."

मंजुषाचे डोळे भरून आले. झालं, हातातोंडाशी आलेलं स्थळ गेलं, असंच तिला वाटलं. तेवढ्यात आजींनी बोट रोखलं आणि कानडीत सरबत्ती सुरू केली. अप्पांनी टोपी काढली. "आजी, पोरीची चूक न्हाई, सगळी माझीच..."

पण मंजुषा कान देऊन ऐकत होती. हे तर क्लिपेतल्या म्हातारीचं बोलणं! शब्दाला शब्द तेच. भीतभीत तिनं सुनेचं पुढचं वाक्य म्हटलं. आजींनी दुप्पट आवाजात म्हातारीचं म्हटलं. अशी पाच-सहा वाक्यं झाली आणि रुद्रेशला हसू आवरेना.

"अप्पा, टोपी घाला. आजी दुपारभर टीव्हीवर हीच मालिका बघत बसती. तिला आजवर जोडीदारीण मिळाली नव्हती."

आजींनी साखर मागवली आणि आपल्या हातानं मंजुषाच्या तोंडात घातली. अप्पांनी असा सुस्कारा सोडला, की तो बहुतेक मुरुडपर्यंत ऐकू गेला असेल. पोरीचं लग्न ठरलं होतं.

निघताना रुद्रेशच्या आईनं, महानंदाबाईंनी, मंजुषाला कुंकू लावायला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मंजुषा घाईघाईनं सांगू लागली, "आई, मला खरंच म्हाईत नव्हतं त्याचा अर्थ..."

"ते राहू दे," महानंदाबाई म्हणाल्या. "मी मुखेडची, माहेर मराठी. तीस वर्षं झाली ह्या घरात. कानडी समजतं सगळं, पण तोंडातून नुसतं 'हौदु' निघालं. होय म्हणायला तेवढंच लागतं."

त्यांनी दाराला कान लावून बाहेरचा कानोसा घेतला, आणि मंजुषाच्या जवळ सरकल्या.

"ते कोपऱ्याचं परत एकदा म्हण बरं. सावकाश म्हण."