मेश्राम सरांचं नागपूर

मेश्राम सरांशेजारी जेवायला बसायचं असेल, तर नागपूर कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून घ्यावं. कारण सर मीठ मागतात ते असं : "कदम मास्तर, ती मिठाची वाटी जरा हैदराबादकडं सरकवा."

आमचं इचोडा हैदराबाद–नागपूर रस्त्यावरचं. ट्रकवाल्यांना या दोनच दिशा ठाऊक. सरांनी त्यात पूर्वेचं उटनूर आणि पश्चिमेचं बोथ घालून चार दिशा पुऱ्या केल्या आणि डावं-उजवं हे शब्द घरातून हद्दपार केले. लग्नात फोटो काढताना ते नवरदेवाला सांगतात, "बेटा, थोडा नागपूरकडं सरक," आणि तो बिचारा गोंधळून वऱ्हाडाच्या बसकडे बघायला लागतो.

सर माझे शेजारी. एकाच शाळेतून आम्ही रिटायर झालो. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. त्यामुळे वाद घालायची सवय दोघांनाही आहे, फक्त जिंकायची सवय त्यांना आहे.

"डाव्या-उजव्यात काय वाईट आहे हो?" मी एकदा विचारलं.

"तुमी वळले का तुमचं उजवं बदलून जाते. नागपूर बदलते का? मुंगीले इचारा."

सरांचं सगळं मुंगीपाशी येऊन थांबतं. मुंगी दाणा शोधायला निघते तेव्हा इकडे वळते, तिकडे वळते, दारू प्यायल्यासारखी फिरते; पण दाणा सापडला की सरळ रेषेत घरी. कशी? तर किती चाललो आणि कुठे वळलो याचा मेळ ती चालता चालताच घालत असते. आभाळातल्या उजेडावरून दिशा धरते. काही माश्यांच्या मेंदूत तर म्हणे पेशींचं बांगडीसारखं कडं असतं. त्यातला एक तुकडा जागा असतो, आणि माशी जशी वळेल तसा तो जागेपणा कड्यात सरकत जातो. हे समजावताना सर बायकोच्या हातातली बांगडीच धरून फिरवतात. कमलवहिनी म्हणतात, "सोडा हो, पोळी जळून राह्यली!" पोळी खरोखरच जळलेली असते.

या शास्त्राचा पहिला बळी आमचा सलूनवाला. त्याने हौसेनं गोल फिरणारी खुर्ची आणली होती. सरांनी बसल्या बसल्या फर्मान सोडलं, "उटनूरकडचा कल्ला लांब दिसून राह्यला, थोडा उडव." त्याने उडवला. मग खुर्ची फिरवली, तर उटनूरकडे दुसरा कल्ला आला. माणूस इमानी, त्याने तोही उडवला, आणि खुर्ची फिरेल तसा उडवतच राहिला. सर बाहेर आले तेव्हा दोन्ही कानांपुढे नुसतं मैदान होतं.

"त्याची काई गलती नाई," सर म्हणाले. "खुर्ची बेइमान निघाली."

हसून हसून माझं पोट दुखलं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत हे हसणं जरा जपून करावं लागतं. सरांची नजर चालली आहे. काचबिंदू. समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही. तरी पिशवी घेऊन बाजारात एकटे जातात, हात धरू देत नाहीत. हैदराबादला असलेल्या नितीनच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, जिवाला घोर. तो म्हणतो, दोघंही माझ्याकडे या. सर एकदा जाऊन आले आहेत. "त्या लिफ्टमंदी शिरलो का नागपूर हरवते," एवढंच सांगतात. पण ते सांगताना त्यांचा चेहरा बघवत नाही. इथली वाट सुटली तर हा माणूस एका खोलीत बसून राहील, हे मला स्पष्ट दिसतं.

परवा नितीन आला आणि त्याने अट घातली. "बाबा, एकट्यानं बाजारात जा, एकट्यानं परत या. जमलं तर राहा इथं. नाई जमलं तर या महिन्यातच सामान बांधू."

"मंजूर," सर म्हणाले.

नितीननं मला बाजूला घेतलं. "काका, तुमी मागं राहा. पण तोंडातून शब्द काढू नका." मराठीच्या मास्तरला याहून कडक शिक्षा नाही. मी सायकल हातात धरून निघालो.

जाताना सर झकास गेले. खड्डे चुकवले, वांगी चाचपून घेतली, मेथीवाल्याला मुंगीचं दोन वाक्यांत सांगितलं. घोटाळा झाला तो परतताना. एक ऑटो करकचून थांबला आणि आतून जुना विद्यार्थी ओरडला, "सर! तुमी काऊन पायी? माह्या जिवंतपणी?" सर नाही नाही म्हणत होते, त्याने पाया पडून त्यांना उचललंच. मी सायकल दामटली. त्या गुणी पोरानं सरांना अगदी दारात सोडलं. फक्त दार वीस वर्षांपूर्वीचं. लहानपणी तो शिकवणीला यायचा त्या सरांच्या जुन्या भाड्याच्या घराच्या गल्लीत!

मुंगीला उचलून दुसरीकडे ठेवलं तर ती तिच्या हिशेबानं बरोबरच चालते, पण घर तिथे नसतं. सरही आपल्याच गल्लीत उतरलो असं समजून तसेच चालले. ऐटीत, न चुकता, आणि एका परक्या अंगणात शिरून म्हणाले, "कमल, पिशवी घे."

म्हशीनं पिशवीतली मेथी घेतली.

मी हसलो नाही. सर एक हात पुढे करून उभे राहिले, मग लहानशी चक्कर मारली, मग मोठी. कपाळावर घाम आला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात दोन गल्ल्या पलीकडून कमलवहिनींचा आवाज आला. घरापुढच्या ओट्यावर उभ्या राहून त्या भाजीवालीवर तुटून पडल्या होत्या, "अवो बाई, वांगे हायेत का गोटे? कोनाले फसवून राह्यली?"

सर थांबले. मान वर केली. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्या आवाजाच्या रोखानं चालायला लागले. म्हशीच्या दारापासून स्वतःच्या ओट्यापर्यंत एकदाही अडखळले नाहीत.

नितीननं वाकून नमस्कार केला आणि संध्याकाळच्या बसनं गेला. म्हशीचा विषय मी काढला नाही.

तो गेल्यावर सर माझ्याकडे येऊन बसले.

"तुमी मागं होते. सायकलची चेन वाजून राह्यली होती."

"मग! काय ते तुमच्या डोक्यातलं होकायंत्र, सर!" मी म्हणालो.

"कायचं होकायंत्र? दिवाळीपासून बंद पडलं ते. वळणं ध्यानात राहत नाईत आता." त्यांनी आवाज खाली आणला. "माह्या परतायच्या टायमाले ती रोज ओट्यावर येऊन कोनाशी तरी भांडते. कोनी नाई भेटलं तर कोंबडीशी. तिले वाटते मले समजत नाई."

मी म्हणालो, "मग सांगा की वहिनींना, कळतं म्हणून. बरं वाटेल त्यांना."

"नका हो मास्तर," सर घाईघाईनं म्हणाले. "समजलं तर लाजंल. मंग गोड बोलंल. अन् तिचं गोड बोलणं ओट्याच्या खाली ऐकू येत नाई."