नुसता छापून ठेव

संघर्षचा फोन आला तेव्हा कारभारी पोहे खात होते आणि फोन संपला तेव्हा पोहे गार झाले होते. मुलाला जर्मनीतच दुसऱ्या, चांगल्या कंपनीत नोकरी लागली होती. पण आनंद पोटातच ठेवायचा होता. तिथं परदेशी माणसाच्या परवान्यावर कंपनीचं नाव असतं म्हणे. सरकारी कार्यालयानं नवं नाव मंजूर केल्याशिवाय नव्या कंपनीत पाय ठेवायचा नाही. तोवर जुन्या कंपनीला सुगावा लागला आणि तिनं आधीच घरी बसवलं, तर ना ही नोकरी ना ती, सामान बांधून थेट नाशिक. कागद यायला महिना लागणार होता.

“पप्पा, कुणालाही बोलू नका. कुंदनसरांची आई पंचवटीत राहते, लक्षात आहे ना?”

कुंदनसर म्हणजे संघर्षचे जुन्या कंपनीतले साहेब. संघर्ष जर्मनीला निघाला तेव्हा त्यांच्या आईनं, सुलाबाईंनी, त्याच्या बॅगेत लेकासाठी तीन किलो चिवडा कोंबला होता. त्यामुळं कारभारींना त्या चांगल्याच लक्षात होत्या.

“मी नोटांच्या प्रेसमध्ये तीस वर्षं काढली,” फोन ठेवून कारभारी बायकोला म्हणाले. “आतली एक गोष्ट कधी बाहेर आली नाही.”

“गेटवर झडती घ्यायचे म्हणून,” भिमाबाई म्हणाल्या.

दोन दिवस कारभारींनी कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना आणि ते पुतण्याच्या दुकानात गेले. सनी घरचाच पोरगा, त्याला सांगायला काय हरकत? आता या घरच्या पोराचं पंचवटीत फ्लेक्सचं दुकान होतं, हा काही कारभारींचा दोष नव्हे. अभिनंदनाचा मजकूर त्यांनी स्वतः सांगितला, नव्या कंपनीचं नाव दोनदा तपासलं आणि निघताना बजावलं, “नुसता छापून ठेव. कागद आल्यावर लावू.”

सनीनं हौसेनं एकाऐवजी दोन छापले. चौदा शुभेच्छुक घातले आणि सगळ्यांच्या वर वॉर्डातल्या दादांचा फोटो, संघर्षच्या फोटोच्या दुप्पट. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लावणारी पोरं आली, त्यांनी कोपऱ्यातली सगळीच गुंडाळी उचलली आणि नेहमीसारखी गावभर लावून टाकली.

सकाळी भिमाबाई दूध घेऊन आल्या. “पोरगा गेटवर लटकलाय,” त्या म्हणाल्या.

कारभारी बनियनवरच खुर्ची घेऊन धावले आणि कॉलनीच्या गेटवरचा फ्लेक्स उतरवला. मग सनीला फोन लावला, तर दुसरा पंचवटीत भाजीबाजाराच्या भिंतीवर होता. बाजार तर सुलाबाईंचा रोजचा. कारभारी शर्टाची बटणं रिक्षात लावत तिथं पोचले.

पण तिथं मंडळाची पोरं बसली होती. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं, फ्लेक्सला मात्र हात लावू देईनात. दादांचा फोटो होता ना. तो उतरवला तर बोलणी त्यांना बसली असती.

फ्लेक्स खाली लावलेला होता आणि कंपनीचं नाव बरोबर कारभारींच्या छातीच्या उंचीवर येत होतं. त्यांनी भिंतीला पाठ लावली आणि तिथंच उभे राहिले. कोणी विचारलं तर सावलीला उभा आहे म्हणून सांगत होते. सावली समोरच्या बाजूला होती. पोराचं जर्मनीतलं सगळं आयुष्य आपल्या पाठीवर येऊन टेकलंय, हे त्यांना कळत होतं आणि पाय दुखत होते.

तासाभरानं भाजीची पिशवी घेऊन सुलाबाई समोर आल्याच.

“भाऊ, जरा सरका. वाचू द्या की.”

“वाचण्यासारखं काही नाही, ताई.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली, कारभारींना दंडाला धरून बाजूला केलं, सगळं सावकाश वाचलं, मोबाइल काढून फोटो घेतला आणि कारभारी तोंड उघडायच्या आत कुंदनला पाठवूनही दिला. कारभारी मटकन खुर्चीत बसले. परवाना, कंपनी, महिना, सामान, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. पोराला मी घालवलं, असंही म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

सुलाबाई इकडंतिकडं बघून खाली वाकल्या.

“आमच्या कुंदनचंही हेच चाललंय. दुसरीकडं चाललाय तो. कागद येईपर्यंत कुणाला बोलू नको म्हणलाय.”

कारभारींच्या जिवात जीव आला. पण सुलाबाईंचं संपलं नव्हतं. “म्हणून मी कालच सनीकडं फोटो दिला. म्हणलं, नुसता छापून ठेव.”

कारभारी ताडकन उठले. मग दोघं पिशवीसकट सनीच्या दुकानाकडं निघाली.

“मावशी, तुमचा तर आत्ताच लागला,” सनी म्हणाला. “काकांच्या कॉलनीच्या गेटवर जागा रिकामी झाली होती ना. शुभेच्छुकांत काकांचा फोटो पण टाकलाय.”

संध्याकाळी संघर्षचा फोन आला. कुंदनसरांनी त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावलं होतं. त्याला वाटलं, भरलं आपलं. सरांनी आईनं पाठवलेला फोटो पुढं केला. पण तोवर भिमाबाईंनीही गेटवरचा नवा फ्लेक्स नवलानं लेकाला पाठवलेला होता, तो त्यानं सरांपुढं ठेवला. मग सरांनी दोघांसाठी कॉफी मागवली.

“महिनाभर आम्ही दोघं गप्प राहणार, असं ठरलंय,” संघर्ष म्हणाला. “पप्पा, खरं सांगा, तिकडं आणखी काही लावलंय?”

“नाही रे. दोन्ही उतरवले. दादांना मी स्वतः जाऊन भेटलो.”

“नक्की? आता काही नाही ना?”

कारभारींनी भिमाबाईंकडं पाहिलं. भिमाबाईंनी मान फिरवली.

“एकच आहे,” कारभारी म्हणाले. “तुमचा दोघांचा मिळून. पण तो नुसता छापून ठेवलाय.”